दातांचे डॉक्टर, आमचे अब्बा

जनाज्याच्या नमाजापूर्वी भाईजान सफेसमोर उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे बोलला. मरहूमकडून कुणाचं देणं राहिलं असेल तर त्याने घरी यावं, आम्ही फेडू. त्यांच्या बोलण्या-वागण्याने कुणाचं मन दुखलं असेल तर अल्लाहसाठी माफ करावं. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, कारण आम्ही बायका घरात अम्मीजवळ बसलो होतो. तो म्हणाला, त्याचं बोलून होतं न होतं तोच मागच्या सफेतून एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याचा आवाज आला, "त्यांचं देणं कुठलं? आमच्याकडेच त्यांचं राहिलंय!" चार जण रडतारडता हसले.

रात्री सगळे पांगल्यावर अम्मी म्हणाली, "देणं नाही असं नाही. कपाटातली निळी वही आणा."

त्या वहीविषयी पुढे सांगते. आधी अब्बांविषयी.

अब्बांचा जन्म 1944 सालचा, चिपळूणचा. कोकणातल्या बहुतेक मुसलमान घरांसारखंच आमचंही घर समुद्राकडे तोंड करून बसलेलं. आजोबा बोटीवर होते, एक चाचा बोटीवर गेले, दुसरे कुवेतला. शिकायला म्हणून मुंबईला गेलेले आमच्या घरातले पहिले अब्बाच. 1966 साली ते दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले आणि मुंबईतच एका दवाखान्यात नोकरीला लागले. तिथेच राहायचा त्यांचा बेत होता. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. कोयना म्हणजे आमच्या कुंभार्ली घाटाच्या वरच. चिपळुणात घराघरांच्या भिंतींना भेगा पडल्या. दादी एकटी होती. अब्बा एस.टी.ने घरी पोचले तेव्हा ती अंगणात चटई टाकून बसली होती आणि घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. "आठ दिवस थांबतो," असं सांगून अब्बा राहिले. ते आठ दिवस पंचावन्न वर्षांचे झाले.

पुढच्या वर्षी त्यांनी बाजारपेठेत एक खोली भाड्याने घेऊन दवाखाना थाटला. एक जुनी लोखंडी खुर्ची, काचेच्या पिचकाऱ्या उकळायला स्टोव्ह, आणि दात कोरायचं पायाने चालवायचं यंत्र. शिलाई मशीनसारखं पायाने दाबत राहायचं आणि हाताने काम करायचं. लहानपणी मला वाटे, सगळे डॉक्टर नाचतनाचतच काम करतात.

भिंतीवर एक तसबीर होती, कुठल्याशा मासिकातून कापून काच लावलेली. डॉ. रफिउद्दीन अहमद. कलकत्त्याला 1920 साली देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढणारे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून 1915 साली पदवी घेऊन ते परतले. कॉलेज चालवायला पैसा हवा म्हणून त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान काढलं. लोकांना गोड खाऊ घालून त्या पैशावर दातांचं कॉलेज उभारलं, हे सांगताना अब्बांना दर वेळी हसू यायचं. पुढे ते पश्चिम बंगालमध्ये मंत्री झाले, 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचा जन्मदिवस 24 डिसेंबर हा आज आपल्या देशात दंतवैद्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. अब्बा त्या दिवशी दवाखाना बंद ठेवत नसत, फक्त तसबिरीची काच पुसत.

1971 साली अब्बांचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत अम्मी दवाखान्यात आली. त्याचं कारण होतं. बायका येतच नसत. दाढ सुजून डोळा बंद व्हायची वेळ आली तरी लवंगेचं तेल लावून घरी बसत. परक्या पुरुषासमोर तोंड उघडून बसायचं कसं? अब्बांनी मंगळवार आणि गुरुवारची दुपार फक्त बायकांसाठी ठेवली आणि त्या वेळी अम्मी खुर्चीशेजारी उभी राहू लागली. उभी राहतारहाता ती शिकली. सुया उकळणं, चांदी घोटणं, कवळीच्या मापासाठी प्लास्टर कालवणं. अब्बा म्हणत, प्लास्टर तुझ्याइतकं गुठळ्यांवाचून माझ्या हातून होत नाही. ती म्हणे, भाकरीचं पीठ मळून पाहा, मग कळेल.

ज्यांचे नवरे आखातात, त्या बायका दोन-दोन वर्षांनी नवरा सुट्टीवर यायच्या महिनाभर आधी बरोब्बर हजर व्हायच्या. मशेरीने काळे पडलेले दात साफ करून घ्यायला. अम्मीला न सांगताही कुणाचा नवरा कधी येतोय ते कळायचं. मशेरी सोडा म्हणून अब्बा जीव तोडून सांगायचे. बहुतेकींनी सोडली नाही, हेही खरं.

आणखी एक अडचण होती, जी मुंबईच्या कॉलेजात शिकवत नाहीत. किडलेल्या दातात चांदी भरली किंवा वर टोपी बसवली तर आतल्या दाताला पाणी लागणार नाही, मग गुस्ल होईल का? या शंकेपायी कितीतरी माणसं दात भरून घ्यायची नाहीत, उपटून टाकायची. अब्बांनी यावर स्वतः मत दिलं नाही. मदरशातल्या उलेमांना लेखी प्रश्न विचारला. जे भरण किंवा टोपी पक्की बसवलेली असते, सहज निघत नाही, ती दाताचाच भाग धरतात, गुस्लला बाधा येत नाही; काढता येणारी कवळी मात्र काढून चूळ भरावी, असं उत्तर आलं. ते त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दारावर चिकटवलं. अम्मी म्हणते, त्या कागदाने जितके दात वाचवले तितके औषधांनी वाचवले नसतील.

रमजानमध्ये दवाखाना तरावीहनंतर उघडायचा आणि रात्री बारा-साडेबारापर्यंत चालायचा, म्हणजे दात काढताना रक्त घशात गेलं तर रोज्याचं काय, हा प्रश्नच उरत नसे. आम्ही भावंडं त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसून असायचो. अब्बा कुठल्याही लहान मुलाला "दुखणार नाही" असं कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "थोडं दुखेल. फार दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन." आणि हात वर झाला की खरंच थांबत. घरीही त्यांचं तसंच होतं. दादी वारली तेव्हा मी सात वर्षांची. सगळे सांगत होते, दादी मुंबईला गेली. अब्बांनी मला जवळ घेऊन सांगितलं, दादी वारली, आता ती येणार नाही, तुला खूप रडू येईल.

संध्याकाळी ते कुणाचे नसत, घराचे असत. मगरिबनंतर ओट्यावर बसायचं, चाचांची पत्रं आली असतील तर मोठ्याने वाचायची. आमच्याच नव्हे, आळीतल्या निम्म्या घरांची पत्रं तेच वाचायचे. लिहायला-वाचायला न येणाऱ्या बायका पाकीट घेऊन यायच्या. आखातातून येणारे ड्राफ्ट, बँकेचे अर्ज, पासपोर्टचे कागद, सगळं त्यांच्या हातून जायचं. भाऊ बाहेर, मेहुणे बाहेर. तीन घरांना मिळून कर्ता पुरुष एकच. सत्तरच्या दशकात त्यांनाही आखातातून बोलावणं आलं होतं, पगार इथल्या कमाईच्या कित्येक पट. ते गेले नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "सगळेच गेले तर पत्रं कोण वाचणार?" तेव्हा मला तो विनोद वाटला. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि कुवेतचे चाचा बायकोमुलांसह अम्मानवरून विमानाने परतले, हातात एक पिशवी. ते दीड वर्ष आमच्याकडे राहिले. आमच्या माजघरात तेव्हा अकरा जण झोपायचे. अब्बांनी दवाखान्याची वेळ दोन तासांनी वाढवली, एवढंच.

माणूस म्हणून त्यांच्यात दोष नव्हते असं मी लिहिणार नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. ते हट्टी होते. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवताच "चूळ भरा" असं पाहुण्यांनाही सांगत. आणि भाईजानच्या बाबतीत ते चुकले. भाईजानला दंत महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या वर्षी तो सोडून आला. रक्त पाहवत नाही म्हणाला. हे 1993 सालचं. अब्बा त्याच्याशी आठ महिने बोलले नाहीत. एकाच दस्तरखानावर बसायचे, आणि "मोठ्याला भाजी वाढ" असं अम्मीला सांगायचे. त्या आठ महिन्यांत घर कसं होतं ते आठवलं की आजही घास अडकतो.

पण त्यांना स्वतःला जी गोष्ट खात होती ती वेगळीच होती, आणि ती त्यांनी मला निवृत्तीनंतर सांगितली. म्हणाले, "माझ्या हातून जितके दात वाचले, त्यापेक्षा जास्त गेले." मला पटेना. त्यांनी हिशोब सांगितला. गुहागरकडचा, खेडकडचा माणूस बाजाराच्या दिवशी गाल सुजवून यायचा. दात वाचवायचा तर रूट कॅनाल करायला तीन-चार फेऱ्या हव्यात. त्याची एक दिवसाची मजुरी बुडालेली, परतीची एस.टी. चार वाजता. तो म्हणायचा, डॉक्टर, काढून टाका. आणि ते काढत. "शिकलो होतो दात वाचवायला. पहिली पंधरा वर्षं मी फक्त उपटत होतो. कितीतरी पंचविशीतल्या पोरी माझ्यामुळे चाळिशीत बोळक्या झाल्या." अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "त्यांचं दुखणं कुणी थांबवलं मग?" दोघांचंही खरं होतं. पण अब्बा ज्या तऱ्हेने ते बोलले, त्यावरून कळलं की हा विचार त्यांना बरीच वर्षं झोपू देत नव्हता.

म्हणूनच असेल, नव्वदीनंतर ते शाळाशाळांतून जाऊ लागले. मराठी शाळा, उर्दू शाळा, कुठेही. मुलांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायचे. ज्याच्या तोंडात तीन बोटं जात नाहीत त्याला बाजूला घेऊन विचारायचे, गुटखा कधीपासून? सुपारी-गुटख्याने तोंडाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी टपरीमागे पुडी मिळतेय हे पाहून आले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

मिस्वाकविषयी एक सांगायचं राहिलं. ते रोज मिस्वाक करायचे, सुन्नत म्हणून, आणि रात्री ब्रशही करायचे. कुणी विचारलं, की मिस्वाक असताना ब्रश कशाला, तर म्हणायचे, "मागच्या दाढांपर्यंत तुमची काडी पोचते का ते आधी दाखवा." दाखवायला तोंड उघडलं की तपासणी झालीच म्हणायची!

2013 च्या पावसाळ्यात एका तरुणाची अक्कलदाढ काढताना त्यांच्या हातातलं हत्यार निसटलं आणि गालाला आतून कापलं. टाके घातले, रक्त थांबलं, तरुण काही बोललाही नाही. अब्बांचा उजवा हात मात्र नंतरही थरथरत राहिला. ते महिनाभर हा थरकाप लपवत होते, हे अम्मीला तेव्हा कळलं. संध्याकाळी ते त्या तरुणाच्या घरी गेले, त्याच्या आईसमोर बसून माफी मागितली, आणि परत येऊन दवाखान्याला कुलूप लावलं. पंचेचाळीस वर्षांचा दवाखाना एका संध्याकाळीत संपला. पुढे डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात.

निवृत्तीची दहा वर्षं आम्हा मुलांसाठी कमाईची होती. मी पनवेलला, धाकटी पुण्याला. दर सुट्टीला आमची मुलं नानांकडे. हात थरथरत असल्यामुळे चहा सांडायचा, म्हणून नातवंडांनी त्यांना अर्धाच कप द्यायचा आणि दोनदा द्यायचा, असा नियम केला. शुक्रवारी जुम्म्याला जाण्याआधी ते नातवंडांना खिडकीपाशी उजेडात उभं करून दात बघायचे, अगदी आमचे बघायचे तसेच.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचा पूर आला. चिपळूणकरांना त्या दिवसाविषयी वेगळं सांगायला नको. बाजारपेठेत पहिल्या मजल्याला पाणी टेकलं. दवाखान्याची जागा तेव्हा एका मोबाइलवाल्याकडे होती, पण मागच्या खोलीत अब्बांची खुर्ची, कपाट आणि कवळ्यांचे प्लास्टरचे साचे तसेच ठेवले होते. आठ दिवसांनी चिखल उपसून आत गेलो. प्लास्टर विरघळून, फुटून गेलं होतं. डॉ. अहमदांची तसबीर कुठे गेली ते कळलंच नाही. खुर्ची भंगारवाल्याने वजनावर नेली. अब्बा रस्त्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघत होते. ते एकच वाक्य बोलले, आणि तेही आम्हाला तेव्हा कळलं नाही: "आपाचं माप गेलं."

ते गेले 2023 च्या डिसेंबरात, फजरच्या वेळी, घरात, अम्मी उशाशी असताना. गुस्ल द्यायला भाईजान होता, तोच, ज्याला रक्त पाहवत नव्हतं. ऐंशीला टेकलेल्या त्या माणसाच्या तोंडात सगळेच्या सगळे दात स्वतःचे होते.

आता ती निळी वही. 1996 साली अम्मी-अब्बा हजला निघाले, तेव्हा ती सुरू झाली. हजला जाण्याआधी देणी फेडायची, माफी मागायची, ही आपली रीत. अब्बांनी ती कागदावर मांडली होती. रोग्यांकडून येणं त्यात एका पैशाचंही लिहिलेलं नव्हतं, फक्त देणं. वाण्याचे 112 रुपये. धाकट्या भावाची सायकल, लहानपणी मोडली, सांगितलं नव्हतं. एका बाईची चुकीची दाढ काढली, 1974, पैसे परत करणे आणि सांगणे. आणि मधेच एक ओळ: "मोठा. आठ महिने." प्रत्येक ओळीवर काट मारलेली, बाजूला तारीख. भाईजान त्या ओळीपाशी थांबला. म्हणाला, हजच्या गाडीत बसण्याआधी अब्बांनी त्याचे दोन्ही हात धरून माफी मागितली होती. ही गोष्ट त्याने आम्हाला सत्तावीस वर्षांत सांगितली नव्हती.

हजनंतरही वही चालूच राहिली होती. शेवटच्या पानावर, थरथरत्या अक्षरात, एकच ओळ काट न मारलेली. खाडीपट्ट्यातल्या एका आपाचं नाव, गाव, "कवळीचे आगाऊ 1000 रुपये, 2013, माप घेतलं, काम झालं नाही." अम्मीला सगळं माहीत होतं. दवाखाना बंद केला तेव्हा ज्यांचं काम अर्धवट होतं त्या सगळ्यांचे पैसे अब्बांनी आठवडाभरात परत केले. ही एकच बाई सापडली नाही. घराला कुलूप, मुलगा मुंबईला घेऊन गेला एवढंच शेजारी सांगत. दर रमजानमध्ये अब्बा चौकशी करायचे. तिचा साचा त्यांनी वेगळा काढून ठेवला होता, सापडली तर दुसऱ्या डॉक्टरकडून करून देता येईल म्हणून. पुरात गेला तो तोच.

वारसांची वाटणी होते ती मयताचं कर्ज फेडल्यानंतर, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे; आपण ते बहुधा मोठ्या रकमांच्या बाबतीत लक्षात ठेवतो. भाईजान म्हणाला, ही ओळ खोडली जाईपर्यंत घराच्या कागदांना हात लावायचा नाही. अम्मी इद्दतीत बसलेली, तिने तिथूनच शोध चालवला. शेवटी त्या गावच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला आणि तिसऱ्या दिवशी कौशाहून, मुंब्र्याजवळून, आपाच्या सुनेचा फोन आला.

मी आणि भाईजान गेलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. आपा ऐंशीच्या पुढची, खिडकीपाशी बसलेली, तोंडात एकही दात नाही. आम्ही कोण ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डाक्टर गेला? मला वाटलं, मीच आधी जाईन." अब्बांच्या वतीने भाईजानने माफी मागितली आणि पाकीट पुढे केलं. त्यात त्याने पाच हजार घातले होते. दहा वर्षांत रुपया कुठल्या कुठे गेला, आणि कवळीही करून द्यायची आमची तयारी होती. आपाने नोटा मोजल्या. पाचशेच्या दोन काढून घेतल्या आणि बाकीचं पाकीट परत त्याच्या हातात दिलं.

"माझे हजारच होते गो बाय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "आणि कवळी आता कशाला? हिरड्यांनी भाकरी खायला शिकले मी. तुझ्या अम्मीला सांग, तिने प्लास्टर तोंडात घातलं ना, तेव्हा फार थंड लागलेलं. डाक्टर म्हणाला, हात वर कर. मी केला नाही."

सुनेने चहा केला. निघताना आपाने त्या दोन नोटा पदराच्या गाठीत बांधल्या. चिपळूणला पोचलो तेव्हा इशाची अजान होत होती. भाईजानने वही मागितली, ती ओळ खोडली, बाजूला तारीख लिहिली, आणि अम्मीने ती वही पुन्हा कपाटात ठेवून दिली.